गणिताची प्रश्नपेढी आणि दुहेरी अर्थाचे शब्द : टॅग लावताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावातल्या शाळेसाठी किंवा अभ्यासिकेसाठी गणिताच्या प्रश्नांची शीट भरणाऱ्या शिक्षकांसाठी आणि मदतनिसांसाठी हे पान आहे. प्रश्न गोळा करणं सोपं असतं, ते पुन्हा सापडतील असे लावून ठेवणं अवघड. त्यासाठी प्रत्येक प्रश्नापुढे टॅग, म्हणजे ओळखीचा छोटा शब्द, लिहायचा असतो. ‘मूळ’, ‘वर्ग’, ‘कर्ण’, ‘मध्य’ असे शब्द आले की एकच प्रश्न तिघं जण तीन खणांत टाकतात. उदाहरणं पाचवी ते दहावीची आहेत. पारिभाषिक शब्द बालभारतीच्या पुस्तकांतले धरले आहेत.

टॅग कशाला लावायचा? प्रश्नातल्या शब्दाला की सोडवण्याच्या पद्धतीला?

सोडवण्याच्या पद्धतीला. आधी प्रश्न कच्च्या कागदावर सोडवा आणि ज्या पायरीवर पोरगं अडू शकतं त्या पायरीचं नाव टॅगमध्ये लिहा. नुसता वाचून लावलेला टॅग बहुतेक वेळा प्रश्नातल्या ठळक नामावर जातो आणि चुकतो.

हा प्रश्न बघा: ‘समभुज चौकोनाचे कर्ण २४ सेमी व १० सेमी आहेत, तर बाजू काढा.’ वाचून लावला तर टॅग होतो ‘चौकोन’. सोडवला तर कळतं की कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, १२ आणि ५ बाजूंचा काटकोन त्रिकोण तयार होतो आणि उत्तर १३ पायथागोरसने येतं. मुख्य टॅग ‘पायथागोरसचे प्रमेय’, जोडटॅग ‘समभुज चौकोनाचे गुणधर्म’. पायथागोरसचा सराव घेणाऱ्या शिक्षकाला हा प्रश्न सापडला पाहिजे, आणि ‘चौकोन’ एवढ्याच टॅगवर तो कधीच सापडणार नाही.

‘मूळ’ या शब्दाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तो कसा सोडवायचा?

शालेय गणितात या शब्दाचे निदान चार उपयोग आहेत.

पहिला ‘मूळ संख्या’: १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक असलेली संख्या. २, ३, ५, ७ वगैरे, १ ते १०० मध्ये अशा २५. सहमूळ आणि जोडमूळ संख्या याच कुटुंबातल्या. दुसरा ‘समीकरणाची मुळे’. तिसरा ‘वर्गमूळ’ आणि ‘घनमूळ’. चौथा साधा बोलीतला, म्हणजे आधीची, सुरुवातीची. ‘मूळ किंमत’, ‘मूळ रक्कम’, आणि सगळ्यात फसवी ‘मूळ संख्या’.

या चौथ्या उपयोगानेच टॅग फसतात. ‘दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. मूळ संख्या कोणती?’ उत्तर ३६. छत्तीस मूळ संख्या नाही, हे सहावीचं पोर सांगेल. तरी हा प्रश्न ‘मूळ संख्या’ टॅगखाली हमखास सापडतो. तिथून सराव करणारा विद्यार्थी अंकांची बेरीज ९ असलेली मूळ संख्या शोधत बसतो. अशी संख्या असूच शकत नाही, कारण अंकांची बेरीज ९ असली की संख्येला ९ ने भाग जातो. याचा खरा टॅग ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’.

ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रश्नात संख्येवर आधी काही क्रिया झाली असेल (मिळवली, अदलाबदल केली, दुप्पट केली) आणि मग ‘मूळ संख्या’ आली, तर अर्थ आधीची संख्या. क्रिया न होता थेट विचारलं असेल (‘सर्वांत लहान मूळ संख्या’, ‘पुढीलपैकी मूळ संख्या ओळखा’), तर पारिभाषिक अर्थ.

नुसता ‘मूळ’ हा टॅग यादीत ठेवूच नका. तो असला की घाईत कोणीतरी लावतोच.

कर्ण म्हणजे काटकोन त्रिकोणाचा की चौकोनाचा?

दोन्हींचा, म्हणून दोन टॅग करा: ‘कर्ण – काटकोन त्रिकोण’ आणि ‘कर्ण – चौकोन व बहुभुज’. हिंदीत दुसऱ्याला ‘विकर्ण’ म्हणतात. नागपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे हिंदी माध्यमातून शिकलेले शिक्षक आणि हिंदी सरावपुस्तकं सगळीकडे असल्यामुळे हा शब्द प्रश्नांत येतो. आला तर प्रश्नाचा मजकूर तसाच ठेवा, टॅग मराठी लावा आणि ‘विकर्ण’ हा पर्यायी शब्द म्हणून नोंदवा.

आयताचा कर्ण दोन्हींकडे जातो, कारण तो आयताचा कर्ण असतोच आणि त्याचे दोन काटकोन त्रिकोण पाडताना त्यांचाही कर्ण होतो. लांबी काढायची असेल तर पहिला टॅग, कर्ण एकरूप असण्याचा किंवा दुभागण्याचा गुणधर्म वापरायचा असेल तर दुसरा.

‘वर्ग’ असलेले प्रश्न कुठे टाकायचे?

आधी अर्थ पक्का करा. संख्येचा वर्ग (१२ चा वर्ग १४४), सांख्यिकीतला वर्ग (१०–२०, २०–३०; वर्गांतर, वर्गमध्य), शाळेचा वर्ग (‘वर्गातील ४० विद्यार्थ्यांची सरासरी उंची’), आणि हिंदीतून आलेला वर्ग, म्हणजे चौरस आकृती. ‘एका वर्गाची परिमिती ४८ सेमी आहे, तर क्षेत्रफळ किती?’ हा प्रश्न हिंदी पुस्तकातून उचललेला असतो. बाजू १२, क्षेत्रफळ १४४ चौसेमी. टॅग ‘चौरस – परिमिती व क्षेत्रफळ’.

शीटमध्ये ‘वर्ग’ शोधलं की ‘वर्गणी’ आणि ‘वर्गमित्र’सुद्धा निघतात, आणि गणपतीच्या वर्गणीवरची शाब्दिक उदाहरणं आपल्याकडे काही कमी नाहीत. एकत्र शोधून एकत्र टॅग लावण्याचा मोह इथे टाळा.

‘चौरस’ शब्दातही एक खाच आहे. ‘१० चौरस मीटर जागा’ म्हणजे क्षेत्रफळ १०. ‘१० मीटर चौरस जागा’ म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस, क्षेत्रफळ १००. शब्द तेच, क्रम वेगळा. असे प्रश्न ‘एकक वाचन’ या जोडटॅगने वेगळे ठेवले तर शिष्यवृत्तीच्या सरावाला फार कामी येतात.

मध्य, मध्यक, मध्यगा, भूमितीमध्य. यात सांख्यिकीचे कोणते?

मध्य आणि मध्यक सांख्यिकीचे, तिसरा सोबती बहुलक. मध्य म्हणजे सरासरी, मध्यक म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या. मध्यगा त्रिकोणाची: शिरोबिंदू आणि समोरच्या बाजूचा मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड. भूमितीमध्य नावाला मध्य असला तरी दहावीच्या भूमितीत तो काटकोन त्रिकोणाच्या संदर्भात येतो. काटकोनातून कर्णावर टाकलेला शिरोलंब कर्णाचे ४ आणि ९ असे भाग करत असेल तर त्या शिरोलंबाची लांबी ६. तोच विचार नववीच्या ‘गुणोत्तर व प्रमाण’मध्ये मध्यम प्रमाणपद म्हणून येतो, तिथे आकृती नसते. आकृती असेल तर भूमितीचा टॅग, नसेल तर प्रमाणाचा.

पैशांच्या गणितातले कोणते शब्द फसवतात?

बरेच, आणि खेड्यात हेच प्रश्न सगळ्यात जास्त विचारले जातात, म्हणून जरा थांबून बघू.

‘दर्शनी किंमत’: ५३८२ मधल्या ३ ची दर्शनी किंमत ३ आणि स्थानिक किंमत ३००, हा प्राथमिकचा भाग. शेअरची दर्शनी किंमत १० रुपये आणि बाजारभाव वेगळा, हा दहावीच्या अर्थनियोजनाचा भाग. इयत्तेचा रकाना भरलेला असेल तर गोंधळ आपोआप मिटतो. रिकामा असेल तर पाचवीच्या पोराच्या हाती शेअरचा प्रश्न जातो.

‘चलन’: आठवीत चलन हा स्वतंत्र पाठ आहे, त्यात समचलन आणि व्यस्तचलन. खालच्या वर्गात चलन म्हणजे नाणी-नोटा. टॅग ‘समचलन’, ‘व्यस्तचलन’ आणि ‘नाणी व नोटा’ असेच ठेवा.

‘रास’ आणि ‘राशी’: मुद्दल अधिक व्याज म्हणजे रास. बैजिक राशी वेगळी. अनेकवचनात आणि विभक्तीत दोन्ही ‘राशी’ होतात, त्यामुळे फक्त शोधून हे वेगळे करता येत नाहीत.

‘ऋण’ आणि ‘धन’: कर्जाचं ऋण आणि ऋण संख्या. शब्दापेक्षा चिन्ह बघा.

आता ‘शेकडा’. पुस्तकात ‘द.सा.द.शे. २’ म्हणजे वर्षाला १०० रुपयांवर २ रुपये. गावातल्या उधारीच्या बोलण्यात ‘शेकडा दोन’ म्हणजे महिन्याला १०० वर २. ५००० रुपयांवर वर्षाचं सरळव्याज पहिल्या अर्थाने १०० रुपये, दुसऱ्या अर्थाने १२००. फरक बारा पट आहे. शिक्षकाने स्वतः तयार केलेल्या उदाहरणात मुदत लिहिलेली नसेल तर टॅग लावू नका, प्रश्न परत पाठवा आणि ‘दरमहा’ की ‘दरसाल’ हे लिहून घ्या. मुदत स्पष्ट असेल तर ‘सरळव्याज’ टॅग आणि मासिक दर असल्यास ‘दर रूपांतर’ हा जोडटॅग.

कंस, अंश, छेद, कोटी, पाया : यांचंही असंच का?

असंच, पण हे लवकर सुटतात. बीजगणितातला कंस सोडवायचा असतो, वर्तुळाच्या कंसाचं माप काढायचं असतं. अंश अपूर्णांकाचा किंवा कोनाच्या मापाचा. कोटी संख्यावाचनात १,००,००,०००, बहुपदीत चलाचा सर्वांत मोठा घातांक. पाया घातांकाचा किंवा त्रिकोणाचा. छेद अपूर्णांकाचा, पण ‘छेदिका’ दोन ठिकाणी येते: आठवीत समांतर रेषांची आणि दहावीत वर्तुळाची. ‘सम’ही तसाच. सम संख्या, समभुज, समचलन, तिघांचा एकमेकांशी संबंध नाही.

सेमी इंग्रजीच्या मुलांसाठी टॅग वेगळे हवेत का?

नाही. टॅग एकच, पर्यायी शब्दांच्या रकान्यात इंग्रजी उच्चार देवनागरीत. मात्र इंग्रजीचा गोंधळ मराठीपेक्षा वेगळ्या जागी आहे. ‘मीडियन’ म्हणजे मध्यक आणि मध्यगा दोन्ही, जिथे मराठी उलट स्पष्ट आहे. ‘डिग्री’ म्हणजे कोनाचा अंश आणि बहुपदीची कोटी. ‘रूट’ म्हणजे वर्गमूळ आणि समीकरणाचं मूळ. म्हणून ‘मीडियन’ हा पर्यायी शब्द दोन टॅगांपुढे लिहा. शोधणाऱ्याला दोन्ही दिसतील आणि तो निवडेल. एकाच टॅगपुढे लिहिला तर दुसरा त्याच्यासाठी नाहीसाच होतो.

हिंदी पुस्तकांसाठीही हेच. ‘अभाज्य संख्या’ म्हणजे मूळ संख्या, ‘परिमाप’ म्हणजे परिमिती, ‘समांतर श्रेढी’ म्हणजे अंकगणिती श्रेढी. शेवटचा प्रश्न समांतर रेषांत गेलेला दिसला तर नवल वाटू देऊ नका. ‘आयतन’ म्हणजे घनफळ, त्याचा आयताशी संबंध जोडू नका.

शेतीवरच्या शाब्दिक उदाहरणांत आपल्या बोलीतले शब्द आले तर?

येऊ द्या. पोराला प्रश्न ओळखीचा वाटणं महत्त्वाचं आहे. फक्त टॅग लावणारा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तो फसतो.

‘वावरात पऱ्हाटीचे २४ तास आहेत. दर तासात ६० झाडं. एकूण झाडं किती?’ इथे पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि तास म्हणजे पेरणीची ओळ. उत्तर १४४०, टॅग ‘गुणाकार’. बोली न कळणारा हा प्रश्न ‘काळ, काम, वेग’मध्ये टाकतो.

‘धुरा’, म्हणजे वावराच्या कडेचा बांध, जास्त त्रासाचा. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद वावराच्या धुऱ्यावर दर ५ मीटरवर झाड लावायचं. चारही बाजूंचा धुरा धरला तर परिमिती १०० मीटर आणि झाडं २०. फक्त लांबीकडचा एक धुरा धरला तर ३० भागिले ५ अधिक १, म्हणजे ७. बंद कडेवर झाडं आणि अंतरं सारखी असतात, सरळ रेषेवर दोन्ही टोकांना झाड असेल तर एक झाड जास्त लागतं. प्रश्नात ‘चारही’ किंवा ‘एका बाजूच्या’ घातल्याशिवाय तो पेढीत घेऊ नका.

धानपट्ट्यातली ‘बांधी’ म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा. टॅग क्षेत्रफळाचा.

जमिनीची एककं बारकाईने बघा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर. १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. १ एकर म्हणजे ४० गुंठे, १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर आणि गुंठा इतके जवळ आहेत की लोक ते एकच धरतात. अंदाजाला चालतं, उत्तरसूचीला नाही. ०.८१ हेक्टर म्हणजे ८१ आर, सुमारे २ एकर. अशा सगळ्या प्रश्नांना ‘एकक रूपांतर – जमीन’.

शब्द नव्हे, वाक्यच दोन अर्थांचं असेल तर?

‘गेल्या वर्षी एकरी ८ क्विंटल कापूस झाला, यंदा उत्पादन तीन पटीने वाढलं.’ २४ क्विंटल की ३२? दोन्ही वाचनं होतात. स्वतः केलेला प्रश्न असेल तर ‘तीन पट झालं’ असं लिहून मोकळे व्हा. जुन्या परीक्षेतला असेल तर मजकुराला हात लावू नका. ‘शब्दरचना संदिग्ध’ हा टॅग लावा आणि शेऱ्यात उत्तरसूचीने कोणता अर्थ धरला ते लिहा. नंतर कोणी ‘उत्तर चुकलं’ म्हणून भांडायला आलं तर तो शेरा दाखवता येतो.

‘१० व २० च्या दरम्यानच्या संख्या’मध्ये १० आणि २० नाहीत. ‘१० ते २० पर्यंतच्या’मध्ये दोन्ही आहेत.

शोधताना प्रश्न सापडत नाहीत. शीटमध्ये आहेत हे नक्की माहीत असतं. का?

कारणं बहुधा चार.

एक, विभक्ती. ‘मूळ’मध्ये ऊकार दीर्घ आहे, ‘मुळांची’, ‘मुळाचा’मध्ये ऱ्हस्व. ‘मूळ’ शोधलं तर ती रूपं निघत नाहीत. ‘मुळे’ शोधलं तर ‘पावसामुळे’ आणि ‘त्यामुळे’ सगळं बाहेर पडतं. म्हणूनच शोध मजकुरात न घेता टॅगच्या रकान्यात घ्यायचा.

दोन, जुने फॉन्ट. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका पडद्यावर मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरं असतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी तपासा. रूपांतरात अपूर्णांक आणि घातांक हमखास मोडतात. १० चा घात ३ हा सरळ १०३ होऊन बसतो.

तीन, ‘घन’ आणि ‘धन’. फोटोवरून मजकूर ओळखणारं अॅप घ आणि ध यांत चुकतं. घाईत टाइप करणारा माणूसही चुकतो. ‘धन संख्या’ आणि ‘घन संख्या’ दोन्ही गणितात बसतात, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारा हे पकडत नाही.

चार, आकडे. ‘इयत्ता ८’ आणि इंग्रजी आकड्यातली इयत्ता आठ शीटला वेगळ्या वाटतात. एकच पद्धत ठरवा आणि तो रकाना ड्रॉपडाउनने भरा.

एका प्रश्नाला किती टॅग?

एक मुख्य, जास्तीत जास्त दोन जोडटॅग. इयत्ता, भाग आणि पाठाचं नाव वेगळ्या रकान्यांत ठेवा, ते टॅगमध्ये मोजू नका. पाठाच्या रकान्याला ‘घटक’ असं शीर्षक देऊ नका, कारण संचाचेही घटक असतात. ‘पाठ’ म्हणा. टॅगची स्वतंत्र शीट करा, तिच्यात चार रकाने: टॅगचं नाव, एका ओळीत अर्थ, पर्यायी शब्द (हिंदी, इंग्रजी, बोली) आणि ‘याऐवजी बघा’. या शेवटच्या रकान्यात ‘मध्यगा’पुढे ‘मध्यक’ लिहायचं आणि ‘मध्यक’पुढे ‘मध्यगा’.

‘कर्ण’ टॅगवर आधीच शे-दीडशे प्रश्न आहेत. आता दोन भाग कसे करायचे?

दोन नवे टॅग आधी तयार करा, अर्थासकट. मग जुन्या टॅगचे प्रश्न एकेक करून हलवा. ‘शोधा आणि बदला’ वापरून एका झटक्यात करू नका. ते सगळे प्रश्न एकाच बाजूला ढकलतं आणि नंतर चूक शोधायला काही खूण उरत नाही. सुरुवात करण्यापूर्वी शीटची तारीख घातलेली प्रत ठेवा. जुना टॅग पूर्ण रिकामा झाल्यावर ड्रॉपडाउनमधून काढा. थोडे प्रश्न नंतर बघू म्हणून तो तसाच ठेवला तर महिन्याभरात त्यात नवे प्रश्न येऊन पडतात.

दोन शिक्षकांचं टॅगवर एकमत होत नाही. कोणाचं धरायचं?

आधी वीस प्रश्न दोघांना वेगवेगळे, एकमेकांचं न बघता टॅग लावायला द्या. जिथे फरक पडतो ते प्रश्न समोर घ्या आणि दोघांनी ते सोडवून दाखवायचे. बऱ्याचदा पद्धतच वेगळी निघते. एकाने दोन चलांचं समीकरण मांडलेलं असतं, दुसऱ्याने एका चलात भागवलेलं असतं. तेव्हा ज्या इयत्तेसाठी प्रश्न आहे तिथे शिकवलेली पद्धत मुख्य टॅग, दुसरी जोडटॅग. पद्धत एकच असूनही टॅग वेगळा आला असेल तर दोष टॅगच्या अर्थाच्या ओळीत आहे. ती ओळ तिथेच बसून दुरुस्त करा, आणि त्या टॅगचे आधीचे प्रश्न नव्या ओळीप्रमाणे पुन्हा तपासा.